आज वास नाही

अर्ज क्रमांक एकशे सातच्या बाविसाव्या पानावर तिला स्वतःचं अक्षर दिसलं. लगेच कळलं नाही. डाव्या हातात चहाचा कप होता, उजव्या हातानं ती पडद्यावरची पानं सरकवत होती, आणि डोळे चौदा वर्षांच्या सवयीनं न वाचताच वाचत होते: गट किती जणांचा, किती वर्षं टिकलाय, पैसे कशासाठी हवेत. मग एका 'ह'पाशी नजर अडखळली. त्या 'ह'चं शेपूट डावीकडे वळलं होतं, मासे धरायच्या गळासारखं. असा 'ह' काढल्याबद्दल चौथीत बाईंनी पट्टीनं तिची बोटं लाल केली होती, तरी तो सहावीपर्यंत सुटला नव्हता. तिला हसूच आलं, म्हणजे जगात आणखी कुणीतरी आहे म्हणायचं असलं शेपूट काढणारं. मग तिनं अख्खी ओळ वाचली. जुन्या रेघी वहीच्या पानाचा फोटो होता तो, कडा पिवळ्या पडलेल्या, वर चौकटीत तारीख, आणि खाली एकच ओळ: आज वास नाही. कप ठेवताना थोडा चहा टेबलावर सांडला. तो पुसायचं सोडून ती त्या तारखेकडे बघत राहिली. ही तारीख आपण विसरलोय असं इतकी वर्षं तिला वाटत होतं.

त्या ओळीभोवती लाल वर्तुळ होतं. ते समितीवरच्या प्राध्यापकांचं. निवृत्त माणूस, हवेच्या तपासणीत हयात गेलेली, वागायला सरळ, पण पुराव्याच्या बाबतीत एक पैसा सूट न देणारा. त्यांनी बाजूला लिहिलं होतं: 'ज्या दिवशी वायुगळती झाली असं अर्जदार म्हणतात, नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या स्वतःच्या वहीत वास नसल्याची नोंद आहे. वही विश्वासार्ह धरता येत नाही. शिफारस नाही.' तिनं ते दोनदा वाचलं. वाक्यात कुठे खोट नव्हती. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही हेच लिहिलं असतं, कदाचित जास्त गोड शब्दांत. तिच्या संस्थेचं काम एका ओळीत सांगता येण्यासारखं होतं: ज्यांच्या दारात इतरांचा धूर, इतरांचं सांडपाणी आणि इतरांचा कचरा येऊन पडतो, त्यांच्या लहान लहान गटांना निधी द्यायचा. अडचण एवढीच की निधी वीस गटांपुरता आणि अर्ज दीडशे. मग उरलेल्या एकशे तीस जणांना, तुमचं दुःख खरं आहे पण कागद कच्चा आहे, हे कळवायचं पत्र तिनंच तयार केलं होतं. फार सभ्य पत्र होतं. दर वर्षी तेच जायचं.

गल्ली तिनं ओळखली कशी नाही, हा प्रश्न मागाहून आला. पण गल्लीचं नाव नगरपालिकेनं बदललं होतं, गट पाच वर्षांपूर्वीचा, आणि अर्जावर सही करणारीला ती लहानपणी मावशी म्हणायची; मावशीचं खरं नाव लहान मुलांना कुठे ठाऊक असतं? बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी ते घर सोडलं त्याला एकवीस वर्षं झाली होती. त्यानंतर ती तिकडे एकदाही फिरकली नव्हती. कारण काही नाही. कामच पडलं नाही, असं ती विचारणाऱ्यांना सांगायची. आता ती अर्ज पहिल्या पानापासून वाचू लागली, आणि प्रत्येक वाक्यामागून कुणीतरी ओळखीचं डोकावू लागलं. 'गल्लीतील एक दृष्टिहीन कारागीर एकोणचाळीस वर्षे रोज संध्याकाळी वासाची नोंद ठेवत आले आहेत. नोंदी गल्लीतील मुलांच्या हस्ताक्षरात आहेत.'

कारागीर. वेताच्या खुर्च्या विणायचे ते, म्हणून सगळे त्यांना खुर्चीकाका म्हणायचे. तेव्हा तिशीतले असतील, पण लहान मुलांना तिशीतला माणूस म्हाताराच वाटतो. दारात बसून, बादलीत भिजत घातलेले वेत बोटांनी चाचपत, मान किंचित वर करून ते काम करायचे, आणि शाळा सुटली की येणाऱ्या पहिल्या पोराला हाक मारायचे: कारकून, इकडे या. ती बहुधा पहिली असायची, म्हणून कारकूनबाई हे नाव तिलाच चिकटलं. गल्लीच्या टोकाला पांढऱ्या पुडीचा कारखाना होता, कापड पांढरं करायची आणि पाणी शुद्ध करायची पूड बनवणारा, आणि काकांच्या मते त्याची रोजची एक तऱ्हा असायची. त्यांच्याजवळ वासाला शब्द होते. ओला चुना. जळका केस. पोहायच्या तलावाचा. लोखंड चाटल्यासारखा. आणि जोर मोजायला बोटं: आज दोन बोटं, आज तीन. वहीत लिहून झालं की ते म्हणायचे, वाचा आता. लिहिणाऱ्यानं वाचून दाखवल्याशिवाय वही मिटायची नाही. ज्याला दिसत नाही, ते म्हणायचे, त्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांना एक तरी कुलूप लावावं. हे वाक्य तेव्हा तिला कळलं नव्हतं, पण आवडलं होतं. घरी येऊन तिनं ते बाबांना सांगितलं, आणि बाबा म्हणाले होते, हुशार आहे हो तुमचा काका, नाकानं बघतो. बाबा त्याच कारखान्यात होते. झडपा उघडायच्या आणि बंद करायच्या, हे त्यांचं काम. तेव्हा कायम झाले नव्हते. नऊ वर्षं रोजंदारीवर.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती, सगळ्यांना खोकला लागला म्हणून. घरी येताना तिला दोरीवरचे कपडे दिसले होते. एका निळ्या चादरीवर पांढरे डाग पडले होते, जणू कुणी फुलं छापली असावीत. कुंडीतल्या रोपाची पानं कडांनी पांढरी झाली होती. हे तिला स्पष्ट आठवत होतं, कारण ते सुंदर दिसलं होतं, आणि सुंदर दिसलं याची नंतर तिला लाज वाटली होती. घरात बाबा होते, भर दुपारी, ओला पंचा तोंडावर धरून. डोळे लालबुंद. त्यांनी तिला जवळ बसवलं आणि फार हळू बोलले, जणू ते शब्दसुद्धा घशाला टोचत होते. झडपेची चकती झिजली होती, त्यांनी तीनदा सांगितलं होतं, कुणी बदलली नाही. आता साहेब म्हणतायत की तपासनीस येणार, तो सगळ्यांना विचारणार, आणि त्या आंधळ्याची वही मागणार. वहीत काही निघालं तर कुणाचा तरी बळी जाणार, आणि तो साहेबाचा नसणार. काही निघालं नाही तर पुढच्या महिन्यात कायम होणाऱ्यांची यादी लागणार. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काका सांगतील ते ऐकून घे, म्हणाले. तू फक्त एक ओळ लिही.

ती गेली. काका दारात नव्हते, आत होते, दारं-खिडक्या लावून, फटींना ओली फडकी कोंबून. तरी वही उशाशी होती. ते खोकत खोकत म्हणाले: कडू. घशात सुया. पाच बोटं. मग थांबले आणि म्हणाले, पाचाच्या पुढे बोटं नाहीत, नाहीतर सांगितली असती. तिनं लिहिलं: आज वास नाही. तिचा हात कापत नव्हता. अक्षर नेहमीसारखंच आलं, डाव्या शेपटाच्या 'ह'सकट. मग ते म्हणाले, वाचा. आणि तिनं वाचलं. कडू. घशात सुया. पाच बोटं. एकही शब्द न चुकता, वहीवर बोट फिरवत, जे तिथे नव्हतं ते. काकांनी मान डोलावली आणि वही मिटली. दहा वर्षांच्या मुलीला खोटं बोलणं माहीत असतंच. पण खोटं लिहून खरं वाचणं, हे कुणी न शिकवता तिला त्या क्षणी जमलं, आणि किती सहज जमलं, याची पुढे कितीतरी वर्षं तिला मध्येच आठवण यायची, दात घासताना, बसची वाट बघताना, कुणाचा तरी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवताना.

आठवड्यानं तपासनीस आला. त्यानं वही पाहिली, पान उलटलं, मिटली. साहेब म्हणे हसून म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला. बाबांनीच ही गोष्ट घरी येऊन सांगितली होती आणि सांगताना स्वतः खोकत होते. पुढच्या महिन्यात ते कायम झाले. तिची फी वेळेवर जाऊ लागली. मग महाविद्यालय, मग हे शहराच्या दुसऱ्या टोकाचं घर, मग ही नोकरी. गल्लीत कुणी मेलं नाही त्या दिवशी. फक्त शेजारच्या शिंपीण मावशीचा आवाज गेला. मोठी खणखणीत बाई. चौथ्या घरातल्या गिऱ्हाइकाला मशीनवरून न उठता बोलवायची. त्या दिवशी बाहेर वाळत घातलेले कपडे गोळा करायला ती दोनदा धावली, कारण ते गिऱ्हाइकांचे होते. त्यानंतर तिच्या घशातून कुजबुजच तेवढी निघायची. अर्जावर सही तिचीच होती. गटाची अध्यक्ष. संपर्काच्या रकान्यात फोन नंबरापुढे कुणीतरी कंसात लिहिलं होतं: आवाज हळू येतो, कृपया फोन ठेवू नये.

तिनं काहीच करायचं नव्हतं. तेवढंच तर सोपं होतं. शुक्रवारी समिती बसणार, एकशे सात नंबर आल्यावर प्राध्यापक दोन वाक्यं बोलणार, मोठ्या बाई, म्हणजे संस्थेच्या संचालिका, पुढचा अर्ज घ्या म्हणणार, आणि सोमवारी ते सभ्य पत्र जाणार. अक्षराला नाव नसतं. सदतीस वर्षांपूर्वीच्या एका 'ह'वरून जगात तिला ओळखू शकणारी माणसं दोनच. चौथीच्या बाई, त्या वारल्या, आणि ती स्वतः. संध्याकाळपर्यंत तिनं आणखी सहा अर्ज वाचले. एका नाल्याकाठच्या गटाला तिनं चांगले गुण दिले, मग आपण त्यांना जास्त तर देत नाही ना, असं वाटून एक कमी केला, मग परत वाढवला. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून तोंडानं श्वास घेतोय.

बाबा बाल्कनीत बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, हल्ली एक वाक्य दोन श्वासांत बोलायचे. जिने त्यांनी केव्हाच सोडले होते; डॉक्टर वय म्हणत होते, आणि तेही वय म्हणत होते. तिनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, की गल्लीतून अर्ज आलाय, वही जोडलीय, ते पान आहे. बाबांनी कुठलं पान म्हणून विचारलं नाही. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, त्याच्याकडे ते बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, त्यात तुझं नाव आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग झालं तर. तिला वाटलं, चिडावं. इतकी वर्षं ती चीड तिनं कुठेतरी घडी घालून ठेवली होती. आता उलगडून बघावी तर आत काहीच नव्हतं, फक्त तोंडावर ओला पंचा धरलेला एक माणूस होता, तिच्या आजच्या वयापेक्षा लहान.

"मावशी अजून कुजबुजतेच, बाबा," ती म्हणाली. "तिनं फोनपुढे लिहून दिलंय, फोन ठेवू नका म्हणून."

बाबांनी मान फिरवली. ती आत जाऊन भांडी घासू लागली, त्यातली निम्मी आधीच घासलेली होती. नळ बंद केल्यावर त्यांचा श्वास ऐकू आला, बाल्कनीतून स्वयंपाकघरापर्यंत, जुन्या भात्यासारखा. हा आवाज आपण रोज ऐकतो, तिला वाटलं, आणि रोज त्याला वय म्हणतो.

गुरुवारी तिनं रजा टाकली आणि गल्लीत गेली. कारखाना आता दुप्पट झाला होता, भिंत उंच, भिंतीवर झाडांची चित्रं रंगवलेली. खुर्चीकाका त्याच दारात होते. आता वेताबरोबर प्लॅस्टिकच्या पट्ट्याही होत्या, पण मान तशीच किंचित वर. ती दोन पावलांवर उभी राहिली तर तेच म्हणाले, कोण? तिनं कारकूनबाई म्हटलं. ते इतके खूश झाले की तिला पळून जावंसं वाटलं. त्यांनी तिला स्टूल दिलं, बाबांची चौकशी केली, ती कुठे नोकरी करते ते विचारलं, आणि संस्थेचं नाव ऐकताच सांगितलं की आपण तिथेच कसं अर्जबिर्ज केलाय, हवा मोजायचं यंत्र मागितलंय, वकिलाचा खर्च मागितलाय, गल्लीतल्या सगळ्यांच्या फुफ्फुसांची तपासणी मागितलीय. यंत्र आलं की मी सेवानिवृत्त, म्हणाले. नाकाला पेन्शन देतात का विचार तुझ्या संस्थेत. ती हसली नाही हे त्यांना कळलं. हातातला वेत त्यांनी बादलीत ठेवला.

मग तिनं सांगितलं. कसं सांगायचं हे बसमध्ये तिनं चार प्रकारे ठरवलं होतं. त्यातला एकही प्रकार उपयोगी पडला नाही. तुम्ही पाच बोटं म्हणालात, ती म्हणाली, आणि मी वास नाही लिहिलं. आणि वाचताना पाच बोटं वाचली. बाबांनी सांगितलं होतं, पण वाचायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच केलं.

काकांचा अंगठा तर्जनीच्या पेरावरून पुढे-मागे फिरत होता, जणू एखादी पट्टी किती जाड आहे ते बघत असावेत. ते ओरडतील याची तिनं तयारी ठेवली होती. जाऊ दे, लहान होतीस, असंही म्हणतील, आणि त्याचीच तिला जास्त भीती होती. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"तपासनीस वही बघून गेला तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो, त्यानं लाच खाल्ली," ते म्हणाले. "सदतीस वर्षं सांगतोय. त्या बिचाऱ्यानं जे लिहिलं होतं तेच वाचलं." मग थोड्या वेळानं: "म्हणजे त्या वहीत आणखी काय काय आहे, कोण जाणे."

ती म्हणाली, मी वाचून दाखवते. सगळ्या वह्या. रोज येऊन वाचते.

"तू नको," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. वेत ओला आहे की नाही हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. "दुसऱ्या कुणाला तरी पाठव." आणि त्यांनी बादलीतला वेत उचलून पुन्हा विणायला सुरुवात केली. ती अजून थोडा वेळ स्टुलावर बसून राहिली, कारण उठायची परवानगी कुणी दिली नव्हती. समोरच्या दारात शिंपीण मावशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं की नाही कळलं नाही. ती जवळ आली, हिच्या दंडाला धरून तिनं हिला उठवलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. वाटेत ती काहीतरी बोलली, पण कारखान्यातून ट्रक निघत होता आणि ती कुजबुज त्यात बुडाली. पुन्हा विचारायचा हिला धीर झाला नाही.

घरी बाबा टेबलाशी बसले होते, समोर कागद. त्यांनी दुपारी जेवल्यापासून चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, आणि लिहायची वेळ फक्त हजेरीवर सही करण्यापुरती आलेली. तिनं हात पुढे केला तसा त्यांनी कागद आपल्याकडे ओढला. मला लिहू दे, म्हणाले, श्वास घेतला, माझं आहे. पाचवी आणि सहावी ओळ होईपर्यंत दिवे लागले. कागदावर होतं, की त्या दिवशी झडप क्रमांक तीनवर मी होतो, चकती झिजलेली होती, मी तीनदा सांगितलं होतं, वायू चाळीस मिनिटं गळत होता, आणि वहीतली नोंद मी माझ्या मुलीकडून खोटी करून घेतली. खाली सही, आणि सहीखाली त्यांचा जुना हजेरी क्रमांक, जो कुणी मागितला नव्हता.

शुक्रवारी सकाळी, समिती बसायच्या आधी, ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं, बाबांचा कागद दिला, आणि हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म दिला. चौदा वर्षांत इतरांकडून शेकडो वेळा भरून घेतलेला, स्वतःचा पहिल्यांदाच. त्या फॉर्ममध्ये 'अर्जदाराशी आपले नाते' असा रकाना होता. पंधरा मिनिटं विचार करून तिनं तिथे लिहिलं होतं: कारकून. मोठ्या बाईंनी तो शब्द वाचला, चष्मा काढला, डोळे चोळले. त्या चिडल्या नाहीत, पण खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेल्या. तू बैठकीत बसायचं नाहीस, म्हणाल्या, आणि या भागाचं काम यंदा तुझ्याकडे नाही. तिला तेवढ्यानंही हलकं वाटलं. शिक्षा मिळाली की माणसाला हात कुठे ठेवायचे ते कळतं. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. दाराआडून शब्द येत नव्हते, नुसते स्वर येत होते. मोठ्या बाईंचा खालचा, प्राध्यापकांचा कोरडा. एकदा प्राध्यापकांचा स्वर चढला आणि तिला वाटलं, संपलं.

दुपारी प्राध्यापक बाहेर आले ते थेट तिच्यासमोर थांबले. म्हणाले, तुमच्या वडिलांचा कागद मी पुरावा म्हणून धरलेला नाही. अधिकाऱ्याच्या वडिलांचा कागद कसा धरणार? तिनं मान हलवली. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी झाडांचं काय झालं होतं? तिनं सांगितलं: पानं कडांनी पांढरी झाली होती, आणि निळ्या चादरीवर डाग पडले होते, फुलांसारखे. प्राध्यापक तिच्याकडे नाही, तिच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. असंच होतं, म्हणाले. हे पुस्तकात बघून कुणी सांगत नाही, फुलांसारखे म्हणून. जाता जाता त्यांनी कोटाच्या खिशातून तो लाल पेन काढला, बघितला, परत ठेवला. संध्याकाळी निर्णय कळला. हवेच्या यंत्राला नाही. वकिलाच्या खर्चाला नाही. वही बाजूला ठेवली. फुफ्फुसांच्या तपासणीला मंजुरी, गल्लीत राहणाऱ्या आणि पूर्वी राहिलेल्या सगळ्यांसाठी. 'पूर्वी राहिलेल्या' हे दोन शब्द प्राध्यापकांनी घालायला लावले, असं मोठ्या बाई म्हणाल्या.

वह्या वाचायला गल्लीतली एक परिचारिका तयार झाली. रोज ड्यूटीवरून आली की अर्धा तास. हे सगळं तिला फोनवर कळायचं, मावशीच्या कुजबुजीतून, फोन कानाला घट्ट लावून. एकोणचाळीस वर्षांत बावीस कारकून झाले होते. त्यातल्या एकानं सलग दोन महिने रोज 'कालच्यासारखाच' असं लिहून ठेवलं होतं, आणि ते ऐकून काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. एकीनं प्रत्येक नोंदीखाली फूल काढलं होतं. बाकी बहुतेक सगळं सांगितलं तसंच होतं. तिच्या पानाबद्दल काका काही म्हणाले का, हे ती विचारायची नाही, आणि मावशी सांगायची नाही. कारकूनबाई म्हणून मात्र तिला परत कुणी हाक मारली नाही.

तपासणी दोन महिन्यांनी झाली, एका सकाळी, मावशीच्या दुकानात. शिवणयंत्रं भिंतीला लावली होती, कापायच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं, त्यावर ते यंत्र. लहानसा डबा, त्याला नळी, नळीला दर माणसागणिक नवी पुठ्ठ्याची तोटी. खोल श्वास घ्यायचा आणि संपेपर्यंत फुंकायचा, एवढंच. रांग गल्लीच्या मधोमध आली होती. तिला तिथे काही काम नव्हतं, ती नुसती बाबांना घेऊन आली होती. गाडीतून उतरून दुकानापर्यंत चाळीस पावलं, त्याला त्यांना चारदा थांबावं लागलं. रांगेतल्या कुणीतरी त्यांना ओळखलं आणि बाजूच्याला काहीतरी सांगितलं, आणि मग सगळ्यांना कळलं. त्यांना पुढे जाऊ द्यावं असं कुणी म्हणालं नाही. मागे व्हा असंही कुणी म्हणालं नाही. काका आपल्या दारात बसून विणत होते. बाबा त्यांच्यासमोरून गेले तेव्हा त्यांचे हात थांबले. बाबांनी तोंड उघडलं, पण श्वास पुरला नाही, आणि रांग पुढे सरकली.

तासाभरानं बाबांचा नंबर आला. तरुण डॉक्टरीण दमली होती. तिनं घाईघाईत समजावलं. बाबांनी तोटी तोंडात धरली आणि फुंकलं. काटा जरासा हलला आणि पडला. पुन्हा, ती म्हणाली. पुन्हा तसंच झालं. त्यांचं कपाळ घामेजलं होतं, कान लाल झाले होते, आणि कधीकाळी त्या झडपेकडे बघत असतील तसे ते त्या डब्याकडे बघत होते. तीनदा झालं तर नोंद होईल, नाहीतर नाही, डॉक्टरीण म्हणाली. बाबांना आधार द्यायला ती पुढे व्हायला निघाली, तेवढ्यात शिंपीण मावशी टेबलापाशी आली. तिनं बाबांच्या पाठीवर हात ठेवला, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, शर्टाचं माप घ्यावं तसा. रांगेतली माणसं गप्प झाली, कारण ती गप्प झाल्याशिवाय मावशीचं बोलणं ऐकू येत नाही.

"घ्या श्वास, भाऊ," ती कुजबुजली. "अजून घ्या. आता सोडा. सोडा. अजून आहे आत. अजून. अजून."